फौजी बाप आणि मधमाश्यावाला पोरगा: एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण लिहायच्या आधी मी दोघांनाही विचारलं. बाप म्हणाला, "लिहा, पण नाव नको." पोरगा म्हणाला, "लिहा, पण मला हिरो करू नका." दोन्ही अटी पाळतोय. गाव सांगत नाही, काही बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. वडलांना इथं आप्पा म्हणतो आणि मुलाला पिंट्या, दोन्ही खरी नावं नाहीत. मी पिंट्याला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवायचो, या घरात माझा संबंध तेवढ्यावरून आला. मी काही ट्रेनिंग घेतलेला समुपदेशक वगैरे नाही, त्यामुळे ज्या चुका झाल्या त्यात माझाही वाटा आहे, आणि त्या मी झाकणार नाही.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात फौज म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पहिल्या महायुद्धापासून पोरं पाठवणारं गाव, नावातच मिलिटरी. आमच्या या गावाच्या नावात मिलिटरी नाही पण हवा तीच. जवळजवळ प्रत्येक भावकीत कुणीतरी फौजेत, आणि रिटायर होऊन आलेला माणूस शिपाई असो की हवालदार, गाव त्याला "मेजर"च म्हणणार.

आप्पा १९९४ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग, मग पलटण, मग काश्मीर, राष्ट्रीय रायफल्समध्ये दोन वेळा, मध्ये बर्फातली ड्युटी, आणि शेवटची काही वर्षं परत बेळगावला, रंगरुटांचे उस्ताद म्हणून. २०१८ ला हवालदार म्हणून २४ वर्षं पूर्ण करून घरी आले. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर-नाव, ती अजून ओसरीत आहे.

पिंट्याचा जन्म २००४ चा. घरी म्हातारे आईबाप असल्यामुळे आप्पांनी बायको-पोराला कधी फॅमिली क्वार्टरला नेलं नाही. जवानाला वर्षाला ६० दिवस अ‍ॅन्युअल लिव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल, म्हणजे सगळी सुट्टी मिळाली असं धरलं तरी ३ महिने. मी एकदा हिशोब मांडला, पोरगा १४ वर्षांचा होईपर्यंत बाप त्याच्या वाट्याला साडेतीन वर्षं आला, तीही हप्त्याहप्त्यानं. आणि सुट्टीवर आलेला बाप म्हणजे पाहुणाच की, त्याच्यासाठी कोंबडं कापायचं, त्यानं आणलेली कँटीनची बिस्किटं खायची, तो निघाला की एसटी स्टँडवर रडायचं. या बापाबरोबर रोज राहायचं कसं हे पिंट्याला माहीत नव्हतं, आणि रंगरूट नसलेल्या पोराबरोबर राहायचं कसं हे आप्पांना.

पहिल्याच आठवड्यात शिट्टी आली. खरोखरची शिट्टी, दोरीवाली. पहाटे साडेचारला ओसरीत वाजायची. पांघरुणाची घडी चौकोनी पाहिजे, ताटात काही टाकायचं नाही, उत्तर देताना मान वर. आप्पा दुष्ट नव्हते हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण अशा गोष्टीत बापाला राक्षस करणं फार सोपं असतं. पोराच्या पायाला फोड आले की रात्री स्वतः गरम पाण्यात त्याचे पाय धरून बसायचे. फक्त त्यांना माया दाखवायची एकच रीत येत होती, समोरच्याला तयार करायची. बेळगावला त्यांनी किती पोरं तयार केली असतील, त्यातली काही अजून दिवाळीला फोन करतात, "उस्ताद, पाय लागू."

पिंट्या हळू पोरगा. मंद नाही, हळू. लॅबमध्ये बाकीची पोरं आकृती काढून मोकळी व्हायची तेव्हा हा अजून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला असायचा. आप्पांची तक्रारही हीच, "हा बघत बसतो हो सर, करत काहीच नाही."

२०२० चा लॉकडाऊन लागला, भरतीच्या रॅल्या बंद पडल्या, आणि त्या रिकाम्या काळात पिंट्याला गोठ्याच्या भिंतीतल्या पोकळीत सातेरी या देशी मधमाशीची वसाहत सापडली. सातेरी अशाच अंधाऱ्या बंद जागेत एकाशेजारी एक पोळी लावते. महाबळेश्वरच्या अंगाला त्याचं आजोळ, तिथल्या एका म्हाताऱ्या मधपाळाकडून जुनी पेटी आणली, पोळी कापून दोऱ्यानं फ्रेमला बांधली, राणी सापडली, आणि वसाहत पेटीत टिकली. आप्पांच्या लेखी हा टाइमपास. पहाटे पळून आल्यावर काय करायचं ते कर.

अडचण नेमकी काय

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. ४ वर्षांची नोकरी, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत पोरं कायम, बाकीचे सेवानिधीचे पैसे घेऊन घरी. त्याच वर्षी पिंट्या बारावी झाला. २०२२ च्या अखेरीस कोल्हापूरच्या रॅलीला गेला. तेव्हाचा नियम असा: १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० मार्क, पावणेसहाच्या पुढं गेलात की बाहेर. घरच्या सरावात तो साडेपाचच्या आत यायचा, आप्पांनी स्टॉपवॉच धरून कितीदा बघितलेलं.

तो चौथ्या राऊंडला थांबला.

घरी येऊन सांगितलं छातीत कळ आली. आप्पांनी त्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं, ईसीजी काढला, सगळं ठीक. आठवड्यानं त्याच बॅचला पळालेला गावातला एक पोरगा पारावर बोलून गेला, "कळ कसली, चांगला पुढं होता, मधीच थांबला आणि चालत बाहेर गेला, मला वाटलं बूट निघाला." ते आप्पांच्या कानावर आलं. त्यांनी पोराला बोलावलं, विचारलं, पिंट्या गप्प. मग आप्पा एवढंच म्हणाले, "कोई बात नहीं."

या घरातलं एक गुपित सांगतो. आप्पा राग आला की हिंदीत जातात. साधा राग असेल तर मराठीत शिव्या, मनाला लागलं की हिंदी. पिंट्याला ते बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून शिट्टी वाजली नाही, खिळ्याला टांगली गेली. पिंट्या मला नंतर म्हणाला, "सर, चार वर्षं मी देवाला म्हणत होतो ही शिट्टी बंद होऊ दे, आणि बंद झाली तर साडेचारला आपोआप जाग यायची आणि वाट बघत पडून राहायचो."

हे चार-पाच महिने चाललं. एप्रिल २०२३ मध्ये पिंट्याची आई माझ्याकडं आली. म्हणाली, "दोघं बोलत नाहीत असं न्हाई सर, बोलत्यात, पण माझ्या तोंडानं. ह्याला सांग जेवायला, त्यांना सांगा पंप बंद करा. मी काय टेलिफोन हाय का?"

मी अडचण अशी लिहून काढली होती: वडलांना मुलगा सैनिक हवाय, मुलाला व्हायचं नाही. वहीत अजून आहे ते वाक्य. चूक होतं. निदान अर्धं तरी चूक, आणि ते मला कळायला जवळजवळ वर्ष गेलं.

समोर असलेले पर्याय

घरात आणि भावकीत मिळून जे पर्याय बोलले जात होते ते असे. एक, परत भरती. तेव्हा वय २१ पर्यंत चालायचं, म्हणजे संधी शिल्लक होत्या, फक्त २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी आणि मग ग्राउंड असं उलटं झालेलं, ते उलट पिंट्याच्या फायद्याचं, अभ्यासात बरा. माजी सैनिकाच्या पोराला बोनस मार्कही मिळतात. पिंट्याच्या आत्याचे मिस्टर याच्या बाजूनं होते, एका निवासी अकॅडमीची फी भरायलाही तयार. दोन, बेळगावच्या सेंटरला रिलेशनची, म्हणजे फौजींच्या घरच्या पोरांची, भरती निघते तिथं ट्रेड्समनला (स्वयंपाकी, धोबी अशा कामांना) बघायचं. तीन, पोलीस भरती, पण तिथंही १६०० मीटर पळायचंच आहे, आणि जो पोरगा पळता येत असून थांबला त्याला दुसऱ्या ट्रॅकवर उभा करून काय होणार हे कुणी विचारत नव्हतं. चार, पुण्याकडं कंपनीत. पिंट्यानं मित्राबरोबर रूमचंसुद्धा बोलून ठेवलं होतं, घरात कुणालाच माहीत नव्हतं, मला होतं.

पाचवा पर्याय फक्त पिंट्याच्या डोक्यात. तोवर एका पेटीच्या तीन पेट्या झाल्या होत्या. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, त्यांच्या मधकेंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळाला वय १८ आणि लिहिता-वाचता येणं पुरतं, प्रशिक्षण मिळतं, साहित्याला ५० टक्के अनुदान, ५० टक्के स्वतःचे घालायचे. आदल्या वर्षी मे २०२२ ला महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं, त्यामुळे त्या भागात हवा होती.

मला पाचवा पटत होता पण भीती होती. सातेरीच्या एका वसाहतीला वर्षाला पाच-दहा किलो मध धरायचा, तोही वर्ष चांगलं गेलं तर. जांभूळ फुलला नाही, पावसाळ्यात खायला घालायला चुकलात, मेणकिडा लागला, संपलं. चार पेट्यांवर कुणाचं घर चालत नाही. म्हणून मी मनात पुण्याच्या कंपनीचा पर्याय पुढं ढकलत होतो, निदान दोघं लांब तरी राहतील. लांब राहिल्यानं नातं सुधारेल असं मला वाटत होतं. ज्या घराचा मुळातला आजारच लांब राहणं होता तिथं मी लांब राहायचं औषध सुचवत होतो, हे आता लिहिताना दिसतं.

काय केलं

पहिली गोष्ट केली ती फसली. मी दोघांना कॉलेजात बोलावलं, स्टाफरूम रिकामी बघून समोरासमोर खुर्च्या मांडल्या आणि म्हटलं, आज मोकळं बोलूया. आप्पा खुर्चीच्या कडेवर ताठ, हात मांडीवर, कोर्ट मार्शलला बसल्यासारखे. पिंट्या फरशीकडं. मी पिंट्याला म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग. तो म्हणाला, "काही नाही." आप्पांना विचारलं, ते म्हणाले, "ठीक है सर, जैसा बच्चा बोले." हिंदी ऐकल्यावर मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. मी अजून वीस मिनिटं ताणलं. जाताना आप्पा मला म्हणाले, "सर, पेशी झाली का?" ते टोचलं, आणि बरोबरच होतं. दोन माणसं ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायलाच बसवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं.

त्यानंतर मी एकेकट्याशी बोलायला लागलो, आणि बसून नाही, चालता चालता. पिंट्याबरोबर पेट्यांपाशी, आप्पांबरोबर बांधावर. पिंट्या लवकर उघडला. का थांबलास? "तिसऱ्या राऊंडला कळलं की मी निघतोय, साडेपाचमध्ये बसतोय. म्हणजे खरंच सिलेक्ट होईन. मग पाय थांबले." मग आधीच का नाही सांगितलं? "सांगितलं असतं तर ऐकलं असतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

जूनच्या आधी पिंट्यानं प्रशिक्षण केलं. फॉर्मवर सही, कागदपत्रं, सगळं त्याचं त्यानं. प्रश्न आला ५० टक्के पैशांचा. इथं एक निर्णय होता ज्यावर मी आणि आप्पा भांडलो. पिंट्यानं आईच्या तोंडून पैसे मागितले, आप्पा म्हणाले, देतो, पण उधार, वहीत लिहून, आणि मागायचं तर त्यानं स्वतः येऊन. मला राग आला. पेन्शन येते, पोरगा एकुलता, उधार कसली? मी तसं बोललोही. आप्पांनी ऐकून घेतलं आणि बदललं नाही. पिंट्या गेला, उभ्या उभ्या मागितले, सही केली. आज मला वाटतं आप्पांचं बरोबर होतं. पाच महिन्यांत त्या दोघांत थेट झालेलं पहिलं बोलणं ते, आणि उधारीत दोन माणसं सारखी असतात. फुकट दिले असते तर ते बापाचे उपकार झाले असते, किंवा आत्याचे मिस्टर म्हणाले तसे "लाड".

१० पेट्या झाल्या. २०२३ चा पाऊस सगळ्यांना आठवत असेल, ऑगस्ट कोरडा. आमच्याकडं डोंगराला थोडं बरं होतं, तरी फुलोरा नाही, साखरेचा पाक घालायचा. ३ पेट्या उठून गेल्या. सकाळी बघावं तर पेटी रिकामी, फ्रेमवर मोजून पाच-पन्नास माश्या. पिंट्या पेटीपाशी बसून होता तिथं आप्पा आले, बघितलं, काही बोलले नाहीत, संध्याकाळी उरलेल्या सातही स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या दिसल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. कुणी ठेवल्या हे कुणीच विचारलं नाही.

रात्रीचा टेम्पो

फेब्रुवारी २०२४. पिंट्याला खाली दुष्काळी पट्ट्यात कांदा बियाण्याच्या प्लॉटवर पेट्या ठेवायचं काम मिळालं. कांद्याचे गोंडे फुलतात तेव्हा परागीभवनाला माश्या लागतात, शेतकरी पेटीमागं भाडं देतो. पेट्या रात्रीच हलवायच्या, कारण दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात. अंधार पडून सगळ्या आत आल्या की दार बंद, हवेला जाळी, फ्रेमा गाडीच्या लांबीच्या दिशेला जातील अशा रचायच्या नाहीतर ब्रेकला पोळी एकमेकांवर आपटून राणी चेंगरते. ज्याला यायचं होतं तो मित्र आयत्या वेळी आला नाही. आई म्हणाली, "ह्यांना न्या." मी होतो कारण टेम्पोवाला माझ्या ओळखीचा.

आप्पांनी विचारलं, "मला काय करायचंय?" इतकंच. पिंट्यानं सांगितलं, एक-एक पेटी दोघांनी उचलायची, आदळायची नाही, टेकवायची. आप्पा मान हलवून कामाला लागले आणि मी बघत राहिलो, कारण हा माणूस आयुष्यभर रात्रीच्या अंधारात आवाज न करता सामान हलवत आलेला. दोन पेट्या चढल्या आणि तिसरीच्या दाराची जाळी निसटली. आप्पांनी सवयीनं मोबाइलचा टॉर्च लावला. दहा-बारा माश्या सरळ उजेडावर, म्हणजे आप्पांच्या तोंडावर. एक भुवईला, एक ओठाला. आप्पांचा हात उठला झटकायला.

"आप्पा, हात खाली. टॉर्च बंद करा. हलू नका."

आवाज मोठा नव्हता पण तो हुकूम होता. आप्पा सावधानमध्ये उभे राहिले, अक्षरशः, टाचा जुळलेल्या. पिंट्यानं अंधारात चाचपडत जाळी बसवली, मग आप्पांच्या जवळ आला, नखानं भुवईवरचा काटा खरवडून काढला. "काटा तसाच राहिला की त्याचा वास सुटतो, बाकीच्या माश्या तिथंच येतात." आप्पा म्हणाले, "म्हणजे ट्रेसर." अंधारात उजेडाची रेघ सोडत नेम दाखवणारी गोळी.

मग म्हणाले, थांब. घरात गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि कोनात वाकलेला जुना फौजी टॉर्च घेऊन आले. त्याच्या पुढं लाल काच बसवली. रात्री पेट्रोलला लाल उजेड वापरतात, लांबून दिसत नाही आणि डोळ्याला अंधाराची सवय मोडत नाही. पिंट्या त्या उजेडाकडं बघत राहिला. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, लाल म्हणजे तिच्यासाठी अंधारच, हे बारावीला मीच शिकवलेलं, आणि त्याक्षणी माझ्यासुद्धा डोक्यात आलं नव्हतं. त्यानं टॉर्च हातात घेतला, पेटीच्या दारावर मारला, एकही माशी हलली नाही. "हा कुठं होता इतकी वर्षं?" "ट्रंकेत," आप्पा म्हणाले, "तू कधी विचारलंस?"

ओठ सुजलेला, त्यामुळे "विचारलंस" नीट आलंच नाही. पिंट्या हसला. आप्पा पण.

टेम्पोत पुढं ड्रायव्हर आणि मी, ते दोघं मागं पेट्यांजवळ. काय बोलले मला माहीत नाही, दोघांनाही विचारलेलं नाही. मध्ये चहाला थांबलो तेव्हा आप्पा माझ्याशी जे बोलले ते मात्र सांगतो, कारण ते सांगायला त्यांनी परवानगी दिली. मी म्हटलं, पोरगा फौजेत गेला नाही याचं वाईट वाटतं का अजून? ते म्हणाले, "नापास झाला असता तर मी पेढे वाटले असते सर, पळाला म्हणून. हा थांबला, आणि खोटं सांगून मला डॉक्टरकडं न्यायला लावलं." थोडं थांबून, "आणि खरं सांगू का, त्या चार वर्षांच्या नोकरीचं माझ्याही मनात बसत नव्हतं. परत आला असता तर बावीस-तेवीसचा, मग पुढं? पण वर्दी घातलेल्या माणसानं हे गावात बोलायचं कसं? म्हणून पळवत राहिलो."

मी चहाचा कप धरून गप्प. पहाटे साडेचारला दोन माणसं रोज उठत होती, एकाला जायचं नव्हतं आणि दुसऱ्याला पाठवायची धास्ती होती, आणि दोघं एकमेकांसाठी पळत होते. योजना चांगली का वाईट हा इथला विषयच नाही, तिच्यातून गेलेली आणि खुशीत असलेली पोरं माझ्या ओळखीची आहेत. पण ही शंका २०२२ च्या जूनमध्ये ओसरीत एकदा बोलली गेली असती तर कोल्हापूर झालंच नसतं.

परिणाम

आज ३० च्या वर पेट्या आहेत. भाड्याचं काम मधापेक्षा बरं चालतं. आप्पांची उधारी फिटली, वहीत खाली "चुकता" लिहून दोघांच्या सह्या आहेत. पुण्याच्या रूमचं आपोआप मागं पडलं.

आप्पांनी पेट्यांना पांढऱ्या रंगात स्टेन्सिलनं नंबर घातले, ट्रंकेवर आहेत तसेच. एक रजिस्टर केलंय, कॉलम आखलेले, पेटी नंबर, जागा, राणी कधी दिसली, पाक कधी, रिमार्क. सकाळी पिंट्याला फौजेतल्या हजेरीसारखं विचारतात, "आज नफरी किती?", म्हणजे एकूण किती हजर. पिंट्या सांगतो, "३१ आप्पा, २ कमजोर."

सगळं गोड झालं असं मात्र नाही. भावकीत आता एक नवीनच बोलणं सुरू झालंय, "बघा, माश्यांना भीत नाही, शेवटी रक्त कुणाचं!" लोक कौतुकानं म्हणतात, मला ते ऐकवत नाही. पोराला परत त्याच फुटपट्टीनं मोजलं की. तो माश्यांना भीत नाही कारण त्या काय करतील हे त्याला माहीत आहे, तो बघत बसलेला असतो म्हणून. त्यात शौर्याचं काही नाही आणि नसलं म्हणून बिघडत नाही.

दुसरं, ४ फेब्रुवारीला, सिंहगड घेतला तो दिवस, रेजिमेंटचा मराठा दिन असतो, जुने फौजी जमतात. यंदा कुणीतरी विचारलं, मुलगा काय करतो? आप्पा म्हणाले, "बिझनेस." पिंट्या शेजारीच होता. घरी येताना तो म्हणाला, "मध म्हणायला काय झालं होतं?" आप्पा म्हणाले, "पुढच्या वर्षी म्हणतो." हे मला पिंट्यानंच सांगितलं, हसत सांगितलं पण लागलेलं दिसत होतं. पुढचं वर्ष अजून यायचंय.

परत करायचं झालं तर

समोरासमोर खुर्च्या मांडणार नाही, हे पहिलं. दोघांच्या हाताला एकच काम असलेली जागा शोधेन, आणि असं काम ज्यात बाप उस्ताद नसेल. आमच्या बाबतीत ते नशिबानं झालं, मित्र आला नाही म्हणून. त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही.

बापाला आधी भेटेन. मी पोराची बाजू ऐकून मग बापाकडं गेलो, त्यामुळे त्यांच्या नजरेत मी वकील. आणि "मुलानं सैनिक व्हावं असं वाटतं का" हा प्रश्न विचारायचाच नाही, त्याला एकच उत्तर येतं. "ही नोकरी तुम्हाला कशी वाटते, उस्ताद म्हणून सांगा" असं विचारलं असतं तर कदाचित वर्षभर आधी चहाच्या टपरीवरचं बोलणं निघालं असतं. पिंट्याला थांबण्याबद्दलचं खरं स्वतः जाऊन सांगायला मी कधी लावलं नाही, तेही राहिलं. ते त्यानं टेम्पोत सांगितलं की नाही मला माहीत नाही.

आणि एक गोष्ट मी धरूनच चाललो नव्हतो. बाप कामात आला की सगळं काम ताब्यात घेणार. जूनमध्ये तेच झालं. आप्पा रोज सकाळी सगळ्या पेट्या उघडून बघायला लागले, हजेरी घेतल्यासारखं. सातेरीला इतकं उघडलेलं सोसत नाही, उठून जाते. पिंट्यानं दोनदा नीट सांगितलं, तिसऱ्या वेळेला ओरडला, अंगणात, आई आणि मी बसलेलो असताना. मला वाटलं आता हिंदी येणार. आप्पा म्हणाले, "बरं," आणि चार दिवस पेट्यांकडं फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी १२ नंबरची पेटी रिकामी सापडली.

रजिस्टर मी पाहिलंय. त्या ओळीला रिमार्कच्या कॉलममध्ये आप्पांच्या अक्षरात आहे: "१२ नं. गेली. कारण रोज उघडली. चूक माझी." खाली सही, तारीख, आणि शेजारी पिंट्याच्या अक्षरात पेन्सिलनं, "पुढच्या आठवड्यात नवीन भरू."